शिड्यांच्या दरीत जायचंय? आधी हे वाचा

या वेळच्या पत्रांचा आणि मेसेजचा गठ्ठा उघडला तर निम्मेअधिक एकाच विषयावर. अर्ध्या नागपूरचे पोट्टे तिकडे अमेरिकेत, आईवडिलांचे व्हिसे आलेले, आणि पोरं आता नायगारा न् स्टॅच्यू ऑफ लिबर्टी दाखवून थकलीत म्हणून आईबापाला घेऊन निघालीत वाळवंटातल्या दऱ्यांमध्ये. स्लॉट कॅनियन म्हणजे खोल पण अगदी चिंचोळी दरी, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, मधे कुठे हात पसरता येतो कुठे तोही नाही, आणि काही ठिकाणी वर जायला चक्क शिड्या लावलेल्या. व्हिडिओ भारी दिसतात यात शंका नाही. प्रश्न मात्र सगळे शिडीबद्दलच येऊन राहिले, आणि मला वाटतं चौकशी दुसऱ्याच गोष्टीची करायला पाहिजे. ती कोणती ते खाली येतंच.

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगा लॉस एंजेलिसला असतो, डिसेंबरात आम्ही दोघं चाललो. त्यानं पाम स्प्रिंग्जच्या पुढे लॅडर कॅनियन नावाचा ट्रेल ठरवून ठेवलाय न् व्हिडिओ पाठवलाय, त्यात लोक दोन भिंतींच्या मधून शिड्या चढून राहिले. मी ६१, ही ५७. हिचा डावा गुडघा कुरकुरतो, मला बीपीची गोळी आहे. जावं का? मुलगा म्हणतो काही नाही होत बाबा. – एक वाचक, धरमपेठ

भाऊ, "काही नाही होत बाबा" हे वाक्य तीस वर्षांच्या गुडघ्यांनी साठीच्या गुडघ्यांबद्दल बोललेलं असतं, त्यामुळे त्याला तेवढंच वजन द्या. पण जाऊच नका असंही मी म्हणणार नाही, कारण महिना चांगला निवडलाय आणि जागा खरंच बघण्यासारखी आहे.

ही जागा कॅलिफोर्नियात मेक्का नावाच्या गावाजवळ, मेक्का हिल्समध्ये. गाव खजुराच्या बागांचं, बाजूला सॉल्टन सी नावाचं मोठं खारं तळं. लॉस एंजेलिसहून गाडीनं अडीच-तीन तास धरा, ट्रॅफिक लागला तर देवच जाणे. मोठा रस्ता सोडल्यावर शेवटचा सातआठ किलोमीटरचा तुकडा कच्चा आहे, वाळूचा, आणि तो कधी बरा असतो कधी वाईट. मुलानं गाडी भाड्यानं घेतली असेल तर करार वाचायला सांगा, बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी नेलेली चालवून घेत नाहीत आणि वाळूत फसली तर खर्च तुमच्याच गळ्यात.

ट्रेल गोल आहे, साधारण साडेसात-आठ किलोमीटर. सुरुवात पेंटेड कॅनियनच्या रुंद वाळूच्या पात्रातून, थोडं चाललं की डाव्या हाताला दगडांची पडझड दिसते, तिथूनच लॅडर कॅनियनमध्ये शिरायचं. जमिनीवर दगड मांडून बाण केलेला असतो, तरी लोक गप्पा मारत पुढे निघून जातात. आत शिरलं की पाच मिनिटांत दुनिया बदलते. भिंती जवळ येतात, ऊन वरच राहतं, आणि मग शिड्या. काही आपल्या उंचीच्या, काही त्याहून बऱ्याच उंच, काही ॲल्युमिनियमच्या, काही लाकडी, दोरानं बांधलेल्या. या का लागतात तर ही दरी पाण्यानं कापलेली आहे, आणि पाणी सगळीकडे सारखं कापत नाही, जिथे थर कडक तिथे पायरी राहून जाते, जिथे वरून धोंडा येऊन अडकला तिथे बांध तयार होतो. म्हणजे प्रत्येक शिडी जिथे आहे तिथे पाऊस आला की धबधबा असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे अंबाझरीच्या ताईंच्या प्रश्नाला लागणार आहे.

शिडी चढताना तोंड शिडीकडे, उतरतानाही तोंड शिडीकडेच. दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात, असे तीन तरी कायम टेकलेले. एका वेळी एकच माणूस शिडीवर, दुसऱ्यानं खालून पाया धरायचा. चढायच्या आधी हलवून बघायची, वरचा दोर दिसतोय का, दांडा तडकलाय का. हातात काठी, मोबाईल, पाण्याची बाटली काही नाही, सगळं पाठीवर. आणि कुणी म्हणेल इतके लोक जातात म्हणजे मजबूतच असणार, तर तसं नसतं हो, या शिड्या पुरात हलतात, वाहून जातात, बदलल्या जातात, गेल्या वर्षीच्या व्हिडिओतली शिडी या वर्षी तिथे असेलच असं नाही. ही जमीन तिथलं ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाचं सरकारी खातं सांभाळतं, ट्रेल कधी बंदही ठेवला जातो, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी मुलाला त्यांची सूचना बघायला लावा. आदल्या दिवशी म्हणजे आदल्याच दिवशी, तिकीट काढताना नाही.

आता गुडघा. दुखरा गुडघा चढताना त्यामानानं गप्प बसतो, उतरताना बोलायला लागतो. म्हणून गोल उलटा करायचा नाही, लॅडर कॅनियननं वर आणि पेंटेड कॅनियननं खाली. परतीच्या वाटेवरही एखाददोन ठिकाणी शिडी लागते पण दरी रुंद असते, मागे रांग नसते, वेळ घेता येतो. वर कड्यावर पोचलात की एकदम मोकळं, एकीकडे सॉल्टन सी पसरलेला. हे तळं १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी कालवा फोडून या खोलगट भागात घुसलं आणि १९०७ पर्यंत येतच राहिलं, त्यातून झालेलं आहे, आणि त्याची पातळी समुद्रसपाटीच्या खाली आहे. वरून निळंशार दिसतं, जवळ जाऊ नका, वास येतो. आणि तुमच्या पायाखालचे थर जे तिरपे, वाकडे, काही ठिकाणी अक्षरशः उभे झालेले दिसतील ना, ते सॅन अँड्रियास फॉल्टची करणी. ही भूकंपाची मोठी भेग याच टेकड्यांतून जाते आणि दोन बाजूंच्या रेटारेटीत टेकड्या वर उचलल्या गेल्यात. आम्ही भाचीबरोबर गेलो होतो तेव्हा माझे यजमान शिड्या विसरून त्या थरांपुढेच तासभर उभे, त्यांना हलवायला मला जेवणाचा डबा उघडावा लागला.

बीपीच्या गोळीचं म्हणाल तर काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, आणि कोरड्या हवेत चालताना अंगातलं पाणी आधीच जात असतं. गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, जायच्या आधी डॉक्टरला सरळ सांगायचं की असं असं चालणार आहे. पाणी माणशी चार लिटर, तिथे नळ नाही, टपरी नाही, काहीच नाही. डिसेंबरात तिकडे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो न् दरीत अंधार त्याआधीच, तर सकाळी आठला चालायला लागलेलं बरं. टॉर्च तरीही सोबत.

आणि एक ठरवून ठेवा, पहिल्या शिडीशी वहिनींना विचारायचं, सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन. त्यांचा चेहरा उतरला असेल तर तिथूनच मागे फिरायचं आणि पेंटेड कॅनियनमध्ये सरळ चालत जायचं. रुंद पात्र, गुलाबी, हिरवट, मातकट, लाल भिंती, शिडी लागेपर्यंतच जायचं, वाटेल तिथून परत. तीन-चार शिड्या चढून गेल्यावर भीती वाटली तर त्याच शिड्या उतराव्या लागतात आणि समोरून वर येणाऱ्यांची रांग असते, ते जास्त कठीण.

प्रश्न : मी ॲरिझोनात मित्राकडे जुलैमध्ये जाणार आहे. सगळे म्हणतात उन्हाळ्यात वाळवंटात ट्रेक नको. अहो आपण नागपूरचे, ४५ डिग्री म्हणजे आपल्याला रोजचं. आपल्याला काय फरक पडणार? – इतवारी

हे मला दर वर्षी कुणीतरी विचारतं आणि दर वर्षी मी एकच उलटप्रश्न विचारते. नवतपा चालू आहे, दुपारचे दोन वाजलेत, सेमिनरी हिल्सला आठ किलोमीटर चालायला याल का? नाही ना येणार. ४५ मध्ये आपण राहतो म्हणजे बारा ते पाच कूलरसमोर पडून राहतो, बाहेर पडलोच तर दुपट्टा गुंडाळून, कोपऱ्यावर उसाचा रस, घरी आल्यावर पन्हं. तो आपला खरा शहाणपणा आहे, सहनशक्ती नाही. दरीत यातलं काहीच मिळत नाही, खिशात कांदा ठेवला तरी.

शिवाय जुलैमध्ये तुम्ही निघणार कुठून? पावसाळी नागपुरातून, जिथे तीस-बत्तीस डिग्री आणि चिकचिक. मे महिन्यात अंगाला झालेली उन्हाची सवय तोवर गेलेली असते, आणि नवीन सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तुम्ही उतरणार, जेटलॅगमध्ये दोन दिवस एसीत झोपणार आणि तिसऱ्या दिवशी ट्रेलवर. कोरड्या हवेत घाम येतो तसा वाळतो म्हणून कळतही नाही किती गेला. नुसतं पाणी पीत राहिलं न् मीठ पोटात गेलं नाही तर रक्तातलं सोडियम घसरतं, मग मळमळ, डोकं गरगरणं, माणूस म्हणतो अजून पाणी दे, आणि ते अजून बिघडतं. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या, स्वस्त पडतात, सोबत खारे शेंगदाणे. चालता चालता कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अडखळायला लागलं, अंग तापलंय तर तो उष्माघात, तिथे थांबून चर्चा नाही, सावली, अंगावर पाणी, वारा आणि ९११, म्हणजे तिकडचा तातडीच्या मदतीचा नंबर. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं समजू नका, चालणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही होतो. दरीत मोबाईलला रेंज नसते. आयफोन १४ न् त्याच्या पुढच्यांमध्ये सॅटेलाइटवरून मदत मागायची सोय आहे पण त्यालाही वर मोकळं आभाळ लागतं, चिंचोळ्या भिंतींच्या तळाशी ते मिळेलच असं नाही.

तर जुलैमध्ये जायचंच तर फ्लॅगस्टाफ, ग्रँड कॅनियनची दक्षिण कड अशा उंचावरच्या जागा धरा, दोन हजार मीटरच्या वर आहेत, हवा बरी असते, पण कडेवरच फिरा, खाली दरीत उतरू नका, तळाशी गेलं की परत भट्टीच. चिंचोळ्या दऱ्या ऑक्टोबरनंतरच्या दौऱ्याला ठेवा, आणि त्याचं दुसरं कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : ताई, वाळवंटात पूर कसा येईल? मुलगी म्हणते तिकडच्या दऱ्यांमध्ये पूर येतो म्हणून आपण पाऊस बघून जाऊ. आमच्याकडे अंबाझरीला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे घरात पाणी शिरलं होतं तेव्हापासून मला पाण्याची फार भीती. पण तिथे तर पाऊसच पडत नाही ना? – एक वाचक, अंबाझरी परिसर

ताई, तुमची मुलगी शहाणी आहे. बाकी सगळ्यांनी शिडीचं विचारलं, योग्य प्रश्न तुमच्या घरातून आलाय.

वाळवंटात पाऊस कमी पडतो पण पडतो तेव्हा जमीन तो पीत नाही. गवत नाही, मातीचा थर नाही, उघडा खडक आणि उन्हानं कडक झालेली जमीन. पडलं तेवढं सगळं वाहतं. मैलोन् मैल पसरलेल्या खडकावरचं ते पाणी उतरतं कुठे तर त्या एका चिंचोळ्या भेगेत. आणि ती भेग तयारच मुळी याच पाण्यानं केली आहे, वाळू, गोटे, ओंडके घेऊन येणाऱ्या पुरानं घासून घासून. आपण ज्याला ट्रेल म्हणतो तो नाल्याचा तळ आहे. नाग नदीच्या पात्रात खुर्ची टाकून बसल्यासारखं आहे ते, कोरडी असेस्तोवर काही नाही.

तुम्ही तुमचा अनुभव आठवून बघा. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि पाणी खालच्या वस्त्यांत शिरलं. निदान आपल्या डोक्यावर पाऊस पडत होता, आवाज होता. स्लॉट कॅनियनमध्ये घात हा की डोक्यावर पाऊस नसतोच. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनात पेज गावाजवळ लोअर अँटेलोप कॅनियनमध्ये असंच झालं. वादळ काही मैल लांब वरच्या अंगाला पडलं, दरीपाशी पाऊस जवळजवळ नव्हता, आणि पाण्याची भिंत आली. अकरा पर्यटक गेले. तेव्हा तिथे लाकडी शिड्या होत्या. त्यानंतर लोखंडी जिने खडकात बोल्टनं पक्के केले, हवामानाचा रेडिओ, धोक्याचा भोंगा, वरून खाली टाकायच्या जाळ्या असं सगळं आलं, आणि आज तिथे गाइडशिवाय कुणालाच आत जाता येत नाही. जमीन नवाहो नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशांची, गाइडही त्यांचेच, आणि गाइड म्हणाला आज नाही तर नाही, पैसे भरलेत म्हणून हुज्जत घालायची नाही.

दुसरी गोष्ट १४ सप्टेंबर २०१५ ची, युटातलं झायन नॅशनल पार्क, तिथल्या कीहोल कॅनियनमध्ये सात जणांचा गट पुरात गेला. दोर लावून उतरणारे लोक होते ते, आपल्यासारखे सहल म्हणून आलेले नव्हे. त्याच दिवशी जवळच्या हिल्डेल गावात पुरानं माणसं भरलेल्या गाड्या वाहून नेल्या.

या दोन्ही तारखा बघा, ऑगस्ट आणि सप्टेंबर. तिकडेही मान्सून असतो हो. नॉर्थ अमेरिकन मान्सून, त्यांच्या हवामान खात्याच्या हिशोबानं १५ जून ते ३० सप्टेंबर. सकाळी स्वच्छ निळं आभाळ, दुपारी दोननंतर ढग, चारला गडगडाट. कॅलिफोर्नियाच्या बाजूला हिवाळ्यातही पाऊस असतो आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तर हिलरी नावाचं वादळ थेट त्या वाळवंटी भागावर येऊन बरसलं. म्हणजे धरमपेठच्या भाऊंनी डिसेंबर आहे म्हणून निर्धास्त राहायचं कारण नाही.

बघायचं काय? फक्त जिथे जातोय तिथला अंदाज नाही, दरीत ज्या डोंगराचं पाणी येतं त्या सगळ्या वरच्या भागाचा अंदाज. तिकडचं नॅशनल वेदर सर्व्हिस म्हणजे हवामान खातं फ्लॅश फ्लडच्या, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराच्या, दोन प्रकारच्या सूचना देतं. वॉच म्हणजे परिस्थिती पुराला पोषक आहे, येऊ शकतो. वॉर्निंग म्हणजे आला किंवा आत्ता येणार. पोरं वॉच वाचून म्हणतात नुसता वॉचच आहे ना. स्लॉटमध्ये जायचं असेल तर वॉचलाच घरी बसायचं, वॉर्निंग दरीत तुमच्यापर्यंत पोचणार कशी, रेंज कुठे आहे? झायनमध्ये तर रोज पुराच्या शक्यतेचा अंदाज लावतात, तो व्हिजिटर सेंटरलाच विचारता येतो.

आत असताना भिंतीत डोक्याच्या वर ओंडका अडकलेला दिसला तर घाबरू नका पण समजून घ्या, तो कुणी ठेवलेला नाही, तिथवर पाणी आलं होतं. एकाएकी वारा सुटला, लांबून ट्रक आल्यासारखी घरघर, पायाखालचं स्वच्छ पाणी गढूळ झालं किंवा त्यात काटक्या दिसल्या तर पळत सुटायचं नाही, पुढे पळून पुराला हरवता येत नाही, सापडेल त्या उंच जागेवर चढायचं न् तिथेच राहायचं. खरं तर चिंचोळ्या भागात अशी जागा नसतेच म्हणून तर आत शिरायच्या आधी एवढं सांगून राहिले. पाऊस उघडला तरी पाणी नंतर येऊ शकतं.

प्रश्न : माझे मिस्टर जरा धिप्पाड आहेत आणि मला लिफ्टमध्येसुद्धा घुसमटतं. आम्ही दोघं अशा दरीत मावू का? हसू नका. – मनीषनगर

नाही हसत. मिस्टरांचं सोपं आहे, ते जागेवर अवलंबून. लॅडर कॅनियनमध्ये बहुतेक ठिकाणी सॅक काढून हातात धरली, आडवं झालं की जमतं. पण युटात एस्कलांटेच्या बाजूला स्पूकी गल्च म्हणून आहे, तिथली फट काही ठिकाणी वीतभरापेक्षा थोडीच जास्त, साधारण पंचवीस सेंटिमीटर. तिथे धिप्पाडच काय, सावजी जेवून आलेला बारीक माणूससुद्धा अडकेल. छाती भिंतीला घासते, मागून लोक येत असतात, समोरून कुणी आलं तर कुणालातरी उलटं चालावं लागतं. तिथे नका जाऊ.

घुसमटण्याचं मात्र गंभीरपणे घ्या. बघितल्यावर सवय होईल असं समजून आत शिरलेला माणूस मधेच थिजतो आणि मग मागचे वीस लोक अडकतात, त्यानं घाबरणं अजून वाढतं. तुम्ही पेजजवळचाच अप्पर अँटेलोप कॅनियन बघा. त्यातला तळ जवळजवळ सपाट, वाळूचा, रुंदीही त्यामानानं बरी, वरून उन्हाची तिरीप पडते ती मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दुपारच्या सुमाराला. गर्दी मात्र गणपतीच्या मंडपासारखी. बुक करताना बाहेर पडायची वाट कशी आहे, जिने आहेत का ते विचारून घ्या, आणि गाइडला आधीच सांगून ठेवा म्हणजे तो तुम्हाला गटाच्या टोकाला ठेवेल. बॅगा आत नेऊ देत नाहीत. आणि भिंतीवर नाव कोरायची हौस असेल तर ती इथेच सोडून जा, नगरधनच्या किल्ल्यावर आपल्या लोकांनी काढलेले बदाम पुरे झाले. तो वालुकाश्म नखानं सुद्धा झरतो.

प्रश्न : सरावासाठी इकडे काही आहे का? शिड्या चढायचा सराव कुठे करायचा, घरच्या माळ्यावर? – प्रतापनगर

माळासुद्धा चालेल, खोटं नाही. विदर्भातल्या कितीतरी लोकांनी लोखंडी शिडी आधीच चढलेली आहे, पचमढीच्या नागद्वारीला. नागपंचमीच्या आसपास थोडे दिवस ती वाट उघडते, बाकी वर्षभर तो सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा भाग म्हणून बंद. आपल्याकडच्या साठी-पासष्टीच्या बाया नऊवारीचा काचा मारून, डोक्यावर पिशवी, मुखात महादेव, भर पावसात त्या शिड्या चढून जातात, आणि इकडे आपण पाच हजारांचे बूट घेऊन घाबरून राहिलो. पचमढीचा खडकही वालुकाश्मच आहे, जटाशंकरला उतरलात तर चिंचोळ्या दरीचा थोडा अंदाज येतो, पायऱ्या आहेत, सावली आहे, चहाही मिळतो.

खरी चिंचोळी दरी महाराष्ट्रात म्हणाल तर भंडारदऱ्याजवळ साम्रद गावची सांधण दरी, पण ती बसाल्टची, काळी, त्यात पुढे दोरानं उतरावं लागतं आणि पावसाळ्यात नाव काढायचं नाही. भीमाशंकरचा शिडी घाट पण आहे, कर्जतकडून खांडसहून. दोन्ही आपल्याला लांब, आणि ओळखीच्या माहीतगार ग्रुपशिवाय जायचं नाही. नुसता दम वाढवायचा तर रामटेकला अंबाळ्याकडून पायऱ्यांनी वर चढा, उतरा, परत चढा. उतरताना गुडघा काय म्हणतो ते तिथेच कळेल, अमेरिकेत जाऊन कळण्यापेक्षा बरं.

प्रश्न : वाटेत खायला संत्री नेऊ का? घरच्या बागेतली आहेत, कळमेश्वरची. – एक शेतकरी वाचक

नाही हो दादा. ताजं फळ तिकडच्या विमानतळावर काढून घेतात, आणि आधी सांगितलं नाही तर दंड वेगळा. तिथे कॅलिफोर्नियाचीही संत्री असतात, त्यांना नावं ठेवायला मजा येते. चिवडा, चिक्की, सातूचं पीठ न्या, तेही विचारल्यावर सांगायचं की आहे.

प्रश्न : ताई, तुमच्या सदरात दर वेळी इथे पडाल, तिथे बुडाल. लोकांनी घरीच बसावं का? मी ७० वर्षांचा आहे, गेल्या वर्षी लॅडर कॅनियन करून आलो, एकदम मस्त झालं. – त्रिमूर्तीनगर

काका, अभिनंदन मनापासून. आणि तुमच्या पत्रात पुढे तुम्हीच लिहिलंय की सुनेनं आदल्या दिवशी रस्त्याची आणि ट्रेलची चौकशी केली, फेब्रुवारीत गेलात, सातला निघालात, पाणी उरलं, आणि वर कड्यावर वारा वाढला तेव्हा पुढचा फोटो पॉइंट सोडून दिला. म्हणजे मी जे दर वेळी सांगते ते तुम्ही सगळं केलंत आणि वर मलाच रागावून राहिले. घरी बसा असं मी कुणालाही म्हटलं नाही. बापा, तुमच्यासारखे जाऊन आलेले लोक "काही नाही, मस्त झालं" एवढंच सांगतात न् सुनेनं केलेल्या फोनचं सांगत नाहीत, म्हणून ते मला छापावं लागतं.

प्रश्न : अँटेलोपची सकाळची टूर बुक केली आहे. मैत्रीण म्हणाली तिथे घड्याळाचा घोळ होतो आणि लोकांची टूर हुकते. म्हणजे नेमकं काय? – लक्ष्मीनगर

बरोबर सांगितलं तिनं. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत नाही, बहुतेक अमेरिका करते. पण त्याच ॲरिझोनातला नवाहो लोकांचा प्रदेश मात्र करतो, आणि शेजारचं युटाही करतं. पेज गाव या दोघांच्या मधे. त्यामुळे मार्च ते नोव्हेंबर मोबाईल कुठल्या टॉवरला चिकटला त्यावर वेळ बदलते, रस्त्याच्या एका वळणावर नऊ, पुढच्या वळणावर दहा. अँटेलोपच्या टूर पेजच्या म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेनं चालतात, जरी दरी नवाहो जमिनीवर असली तरी. बुकिंगच्या मेलमध्ये कोणती वेळ लिहिली आहे ते बघा, आदल्या रात्री मोबाईलची आपोआप वेळ बदलायची सोय बंद करून फीनिक्सची वेळ लावून ठेवा. नागपूरपेक्षा साडेबारा तास मागे, घरी फोन करताना तेही लक्षात असू द्या, सासूबाई झोपलेल्या असतात.